समजलं नाही, पुन्हा सांगा!

‘अगं, तिचं इंग्रजी काय फाडफाड आहे!’ लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगला, नाहीतर महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, म्हटलेलंही असतं. फाडफाड म्हणजे काय, तर भरभर, न अडखळता, मधूनमधून दोन-चार वजनदार शब्द पेरून बोललेलं. आपल्यासारख्या लहान गावांतल्या बायकांच्या मनात ‘चांगलं इंग्रजी’ म्हणजे हेच बसलेलं आहे. ते आपल्याला येत नाही म्हणून आपण चार लोकांत तोंड मिटून बसतो आणि आपलं बघून आपल्या मुलीही.

पण मैत्रिणींनो, एक क्षेत्र असं आहे, जिथे हे फाडफाड इंग्रजी अजिबात चालत नाही. तिथे मिनिटाला शंभरापेक्षा जास्त शब्द बोलू नयेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वाक्प्रचार वापरायचे नाहीत, अलंकारिक बोलायचं नाही. ठरलेला शब्द ठरलेल्या अर्थानेच वापरायचा. हे क्षेत्र म्हणजे विमानवाहतूक. आकाशातला वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक एकमेकांशी ज्या इंग्रजीत बोलतात, ती भाषा जगभरातल्या माणसांना मुद्दाम शिकावी लागते. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांनासुद्धा!

समाजशास्त्रात बी.ए. केलेली, घर आणि बचत गट सांभाळणारी ही बाई आज विमानाच्या गोष्टी कुठून सांगायला लागली, असं तुम्हाला वाटेल. तर त्याचं कारण माझी पुतणी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, गणितात हुशार. बारावी सायन्सनंतर तिने वैमानिक व्हायचं ठरवलं. भावजींनी शेतीचा एक तुकडा विकला, बाकीचं कर्ज काढलं आणि तिला विमान प्रशिक्षणाला पाठवलं. पंधरा दिवसांतच रात्री तिचा मला फोन आला. ‘काकू, मी परत येते. मला हे जमणार नाही.’

झालं होतं असं, की वर्गातली बाकीची मुलं शहरातल्या इंग्रजी शाळांमधून आलेली. शिक्षक सांगायचे, ही मान डोलवायची. ‘यस सर, यस सर.’ एकदा सरांनी मधेच थांबवून विचारलं, ‘मी आत्ता काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग.’ ही गप्प. मग ते म्हणाले, ‘समजलं नसेल तर समजलं नाही म्हण. पण न समजता यस म्हणणारा माणूस मला विमानात नको.’ ती रडत रडत मला सांगत होती, की सर सगळ्यांसमोर बोलले. मला मात्र त्या वाक्याने विचारात पाडलं. आपण मुलींना लहानपणापासून काय शिकवतो? मोठी माणसं काही सांगत असली की ‘हो’ म्हणावं, फार प्रश्न विचारू नयेत. तेच ‘हो’ इथे धोक्याचं ठरत होतं.

त्यानंतर रोज रात्री साडेनऊला आमची शाळा भरायला लागली. ती तिकडून वैमानिक, मी इकडून कंट्रोल टॉवर. तिने पाठवलेला कागद हातात धरून मी ओट्याशी उभी राहायची. ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, टर्न लेफ्ट, हेडिंग टू सेव्हन झिरो.’ तिने लगेच तेच मला परत म्हणून दाखवायचं. मधेच कुकरची शिट्टी व्हायची. ती म्हणायची, ‘काकू, ऐकू आलं नाही.’ मी म्हणायची, ‘मग तसं म्हण की! कॉकपिटमध्ये काय शांतता असते होय?’ या खेळात तिच्याबरोबर मीही बरंच शिकले आणि जितकं शिकत गेले तितकं मला वाटत गेलं, की ही भाषा आपल्या सगळ्याजणींना समजायला हवी.

आधी अक्षरं बघू. आपण बँकेत किंवा गॅस एजन्सीला फोनवर नाव सांगताना ‘डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे’ करतो ना? कारण बी, डी, पी, टी ही अक्षरं फोनवर सारखीच ऐकू येतात. विमानवाल्यांनी याच कारणासाठी सव्वीस अक्षरांना सव्वीस शब्द कायमचे ठरवून टाकले. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा... १९५६ पासून सगळ्या जगात हीच यादी चालते. भारतात नोंदलेल्या विमानाच्या नावाची सुरुवात ‘व्ही टी’ या अक्षरांनी होते, म्हणून ते ‘व्हिक्टर टँगो’.

आकड्यांचंही तसंच. कुणी मोबाइल नंबर सांगताना ‘एकोणऐंशी’ म्हणालं, की आपण हमखास विचारतो, ‘म्हणजे सात नऊ ना?’ विमानाची दिशा सांगताना ‘दोनशे सत्तर’ असं कधीच म्हणत नाहीत, ‘टू सेव्हन झिरो’ असा एकेक आकडा सुटा सांगतात. तीनचा उच्चार ‘ट्री’ करतात, कारण ‘थ्री’मधला ‘थ’ जगातल्या अनेक लोकांच्या जिभेला जमत नाही. फाइव्ह आणि नाइन खरखरत्या रेडिओवर सारखे वाटतात, म्हणून पाच म्हणजे ‘फाईफ’ आणि नऊ म्हणजे ‘नाइनर’. शाळेत असं कुणी म्हटलं असतं तर बाई ओरडल्या असत्या. इथे तेच बरोबर!

आता शब्द. सिनेमात ऐकलेलं ‘रॉजर’ आपल्याला माहीत असतं. मला वाटायचं, त्याचा अर्थ ‘हो’. मुळीच नाही. रॉजर म्हणजे ‘तुमचा सगळा निरोप माझ्यापर्यंत पोहोचला’, एवढंच. त्यात होकार नाही. ‘तुम्ही म्हणता तसं करतो’ यासाठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. होकारासाठी ‘अफर्म’, नकारासाठी ‘निगेटिव्ह’. ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही तर ‘से अगेन’. सांगितलेलं करणं शक्य नसेल तर ‘अनेबल’. बघा, ऐकलं, पटलं, करतो आणि जमणार नाही, या चार गोष्टींना तिथे चार वेगळे शब्द आहेत. आपण घरात या चारही जागी ‘हं’ म्हणतो आणि मग ‘मी तुला सांगितलं होतं’, ‘नाही, सांगितलंच नव्हतं’ म्हणून भांडत बसतो!

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे ‘रीडबॅक’. नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी अशी काही महत्त्वाची सूचना दिली, की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची. नियंत्रकाने कान देऊन ऐकायचं आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. सांगणाऱ्याची जबाबदारी सांगून संपत नाही, समोरच्याने बरोबर ऐकलंय याची खात्री होईपर्यंत ती राहतेच.

हे नियम कुणी हौसेने केलेले नाहीत. त्यातल्या कितीतरी नियमांमागे माणसांचे जीव गेलेले आहेत.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी मलेशियात क्वालालंपूरजवळ एक मालवाहू बोइंग विमान उतरत होतं. नियंत्रक म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो.’ त्याला म्हणायचं होतं, दोन हजार चारशे फुटांवर या. त्यातला ‘टू’ हा दोनचा आकडा होता. विमानात तो ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ म्हणून ऐकला गेला आणि उरले फक्त चारशे फूट! ‘ओके, फोर झिरो झिरो’ असं उत्तरही विमानातून गेलं. पण ती चूक जमिनीवर कुणी पकडली नाही. विमान डोंगरावर आदळलं, आतले चौघेही गेले. एका ‘टू’मुळे!

विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात २७ मार्च १९७७ रोजी झाला, तोही आकाशात नव्हे, जमिनीवर. स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे बरीच विमानं इकडे वळवलेली, त्यात दाट धुकं. एकाच धावपट्टीवर केएलएम या डच कंपनीचं आणि पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं, अशी दोन जंबो विमानं होती आणि धुक्यात ती एकमेकांना दिसत नव्हती. नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या सूचनेतही ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. पण उड्डाणाची परवानगी अजून दिलेली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी म्हणाला, ‘वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ.’

या वाक्याचा अर्थ काय? नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. भाषेचे काही अभ्यासक म्हणतात, की सहवैमानिकाच्या मनात डच भाषेची वाक्यरचना होती, तोंडात शब्द इंग्रजी आले. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपण फोनवर ‘हो हो, निघालेच मी’ म्हणतो, तेव्हा पायात चप्पलही घातलेली नसते! ‘आलेच’ म्हणणारी बाई घरात असते, वाटेत असते, नाहीतर दाराशी असते. मराठी माणसाला सवयीने कळतं, परक्याने काय समजावं?

नियंत्रक म्हणाला, ‘ओके.’ आणि क्षणभराने, ‘थांबा, मी सांगेन.’ नेमकं त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिक सांगत होता, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघांचे आवाज रेडिओवर एकमेकांत मिसळले. डच विमानात नीट ऐकू आलं ते फक्त ‘ओके’. त्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलंही, की ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. त्या दिवशी ५८३ माणसं मेली.

तेव्हापासून नियम कडक झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’ म्हणायचं. ‘ओके’वर भागवायचं नाही. आणि हाताखालच्या माणसाला शंका आली तर त्याने ती स्पष्ट बोलावी, वरिष्ठाने ती ऐकावी, याचं वेगळं प्रशिक्षण विमान कंपन्यांमध्ये सुरू झालं. त्या इंजिनिअरबद्दल वाचताना मला आपल्या घराघरांतल्या सुना आठवल्या. शंका येते, एकदा विचारतात, वडीलधाऱ्यांनी ठासून सांगितलं की गप्प बसतात.

आणखी एक घटना मला फार लागली. २५ जानेवारी १९९०. कोलंबिया देशातलं एव्हियान्का कंपनीचं विमान न्यूयॉर्कला निघालं होतं. हवा खराब, विमानतळावर गर्दी, त्यामुळे त्याला वाटेत तासाहून जास्त वेळ घिरट्या घालायला लागल्या. इंधन संपत आलं. कॅप्टन आपल्या भाषेत सहवैमानिकाला सांगत होता, की आणीबाणी आहे असं कळव. सहवैमानिकाने इंग्रजीत कळवलं, ‘आमचं इंधन संपत चाललंय.’ नियंत्रकाला त्यातली निकड कळली नाही. इंधन काय, सगळ्यांचंच संपत चाललेलं असतं! ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हे शब्द कुणी उच्चारलेच नाहीत. हे शब्द ऐकले असते तर विमानाला तातडीने वाट करून द्यावी लागली असती. विमान न्यूयॉर्कजवळ कोसळलं. १५८ पैकी ७३ जण मरण पावले. आता इंधनाच्या आणीबाणीसाठी काय म्हणायचं, हेही ठरवून दिलेलं आहे. ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल.’ तीन वेळा मेडे. संकोच नाही, आडवळण नाही.

‘मला जरा बरं वाटत नाहीये’ म्हणणाऱ्या किती बायका मी पाहिल्यात! पोटात मरणाच्या कळा येत असतात आणि तोंडाने ‘थोडं दुखतंय’. समोरच्याला त्रास नको, आपलं नाव उगाच नको. त्या सहवैमानिकाचं इंग्रजी काही अगदीच वाईट नव्हतं. योग्य वेळी योग्य तो जड शब्द उच्चारायला तो कचरला, एवढंच. पण तेवढंच पुरलं.

चौथी घटना तर आपल्या देशातली. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं समोरासमोर धडकली. एक सौदी अरेबियाचं जंबो विमान, दिल्लीहून नुकतंच निघालेलं. त्यात आखातात नोकरीला निघालेले पुष्कळ भारतीय होते. दुसरं कझाकस्तानचं, दिल्लीला उतरायला येत असलेलं. कझाक विमानाने १५ हजार फुटांवर राहायचं होतं आणि सौदी विमानाने १४ हजारांवर. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचं काम कझाक विमानातला रेडिओ ऑपरेटर करत होता. विमान चालवणाऱ्यांचं इंग्रजी कच्चं असणं, हे या अपघाताच्या कारणांमध्ये मोजलं गेलं. शेतांमध्ये पडलेल्या त्या अवशेषांचे फोटो तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले होते, तुमच्यापैकी अनेकींना आठवत असतील.

अशा अपघातांनंतर आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना जागी झाली. १९९८ मध्ये तिच्या सभेत भाषेच्या प्रश्नावर ठराव झाला, २००३ मध्ये नियम आले आणि ५ मार्च २००८ पासून लागू झाले. अनेक देशांची तयारी नव्हती, म्हणून २०११ पर्यंत सवलत दिली गेली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना भाषेची परीक्षा द्यावी लागते. सहा पायऱ्या असतात. निदान चौथी पायरी गाठलीच पाहिजे. चौथीवाल्यांची दर तीन वर्षांनी आणि पाचवीवाल्यांची दर सहा वर्षांनी पुन्हा परीक्षा. आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए हे सगळं बघतं.

परीक्षेत काय बघतात? उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. आता यातली गंमत ऐका. चौथ्या पायरीवर उच्चारांत मातृभाषेची छटा चालते! तुमच्या बोलण्यावर मराठीचा, तमिळचा, चिनीचा ठसा असू दे, ऐकणाऱ्याला समजण्यात फक्त कधीकधीच अडचण आली म्हणजे झालं. व्याकरणाची एखादी चूक चालते, अर्थ बदलत नसेल तर. पण संवादात मात्र सूट नाही. गैरसमज झालाय असं वाटलं, तर तो ओळखून, विचारून, खात्री करून घेता आलीच पाहिजे. म्हणजे ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणता येणं हा तिथे कमीपणा नाही, ते कौशल्य आहे आणि त्याला मार्क आहेत!

ठरलेले शब्द पाठ केले की काम झालं, असंही नाही. प्रवाशाच्या छातीत कळ आली, इंजिनात पक्षी गेला, धावपट्टीवर कुत्रा शिरला, तर त्याला ठरलेलं वाक्य कुठून आणणार? अशा वेळी साध्या, छोट्या वाक्यांत नेमकं सांगता यायला हवं. पुतणी त्यासाठी रोज एक चित्र घेऊन मला त्याचं वर्णन करून दाखवायची. सुरुवातीला ती आमच्याच तालुक्यातल्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासात पाठ केलेली भारदस्त वाक्यं टाकायची. तिथे फी घेऊन तिला म्हणी आणि वाक्प्रचार घोटवले होते. ते सगळं विसरायलाच तिला महिना लागला.

विमान दुरुस्त करणाऱ्यांची पुस्तकंही अशाच साध्या इंग्रजीत असतात. त्याला ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ म्हणतात. एका शब्दाचा एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘मागोमाग येणं’, ‘सूचना पाळा’ या अर्थाने तो लिहायचा नाही. कामाची सूचना देणारं वाक्य वीस शब्दांपेक्षा मोठं नको. हे वाचल्यापासून आमच्या बचत गटाच्या सूचनाही मी छोट्या वाक्यांत लिहायला लागले आहे. पूर्वी त्या वाचून बायका मलाच फोन करायच्या, ते फोन आता बरेच कमी झालेत.

आपल्या देशात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त, सुमारे १५ टक्के असल्याचं केंद्र सरकार वेळोवेळी सांगत आलं आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं एक फोकर विमान तेव्हाच्या कलकत्त्याहून सिल्चरला गेलं. त्यातल्या सगळ्या कर्मचारी महिला होत्या आणि कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. आज नियंत्रण कक्षांतही मुली बसतात. एखाद्या मुलीच्या शांत, स्पष्ट आवाजावर शेकडो माणसांचे जीव अवलंबून असतात. मुलींनी हळू बोलावं, मोघम बोलावं असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

पुतणी परत आली नाही. रेडिओवर बोलण्याची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली, भाषेच्या परीक्षेत चौथी पायरी मिळाली. तीन वर्षांनी पुन्हा द्यायची आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्यातले बरेच व्हायचेत. भावजींचं कर्जही अजून फिटायचंय. पुढे नोकरी कधी लागेल हे आज कुणी सांगू शकत नाही. पण फोनवर आता ती उगाच ‘हं हं’ करत नाही. परवा मी तिला दिवाळीला कधी येणार विचारलं, तर म्हणाली, ‘काकू, अनेबल. परीक्षा आहे.’ लांबलचक सबबी नाहीत, माफी नाही. आधी मला जरा लागलं, मग हसू आलं आणि बरंही वाटलं.

आपल्या सगळ्यांच्या मुली काही विमान चालवणार नाहीत. पण रात्री-अपरात्री कुणाचं बाळंतपण अडतं, कुणाला साप चावतो आणि १०८ ला फोन करायची वेळ येते, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकीला मेडे म्हणावंच लागतं. अशा वेळी ‘लवकर गाडी पाठवा, पेशंट सिरियस आहे’ एवढंच ओरडून फोन ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. कुठलं गाव? त्या नावाची चार गावं असतात. म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही महिन्यातून एकदा दहा मिनिटं एक सराव करतो. एकीने १०८ वरची बाई व्हायचं, दुसरीने फोन करायचा. गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण. काय झालंय, किती वेळ झाला, पेशंट शुद्धीवर आहे का. मोबाइल नंबर एकेक आकडा सुटा. मग समोरच्या बाईकडून सगळं परत म्हणवून घ्यायचं. ‘थोडा त्रास होतोय’ म्हणायला बंदी. रक्त जात असेल तर रक्त जातंय, असंच म्हणायचं. पहिल्या वेळी बायका लाजल्या, हसल्या. आता साठीच्या आजीसुद्धा खणखणीत आवाजात सांगतात.

‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असं बोलणाऱ्यांना आपण हसतो. पण न समजता मान डोलावणंही तितकंच वाईट. औषधाची चिठ्ठी देताना डॉक्टर भराभर बोलले, बँकेत साहेबांनी कागदावर बोट ठेवून ‘इथे सही करा’ म्हटलं, तर थांबवावं. ‘पुन्हा सांगा’ म्हणावं. आपल्याला काय कळलं ते त्यांना म्हणून दाखवावं. यात इंग्रजी यायलाच हवं असं नाही, मराठीत म्हटलं तरी पुरतं.

आणि घरात मुलगी अभ्यास करताना ‘आई, मला समजलं नाही’ म्हणाली, तर ‘इतकं सोपं कसं समजत नाही?’ असं तोंडातून जाऊ देऊ नका. ‘काय समजलं नाही, नेमकं सांग’ एवढंच विचारा. तिला नेमकं सांगता यायला लागलं, की पुढची भाषा ती शिकेल. मराठीसुद्धा आणि इंग्रजीसुद्धा.